नटोरियस राजकन्या

एका राज्यात भालदेव नावाचा राजा होता. त्याच्या दरबारी चाल अशी, की थोरांनी अर्थ विचारायचा नाही आणि लहानांनी चूक सांगायची नाही. दरबाऱ्यांच्या पांढऱ्या दाढ्या, डोक्यात भुसा. नुसत्या डोलायच्या. त्यालाच तिथे शहाणपण म्हणत.

एका जादूगाराने राजाला इंग्रजी शब्दांची पेटी नजर केली. म्हणाला, "राजा, यातला शब्द उच्चारशील, तर तो आपल्या खऱ्या अर्थाने फळेल. आधी अर्थ विचारून घे."

"आम्हाला शिकवतोस?" राजाने पेटी ठेवून घेतली, जादूगाराला हाकललं.

राजकन्या कनकलेखेच्या अभिषेकाला राजाने पेटी उघडली. भारदस्त दिसला तो शब्द उचलला आणि गरजला, "आमची लेक साऱ्या मुलखात नटोरियस आहे!"

"वा! काय शब्द टाकलात, महाराज!" प्रधान शार्ङ्गधर म्हणाला. त्याला ओ की ठो कळलं नव्हतं.

त्याच क्षणी प्रजेने पाठ फिरवली. दारं धडाधड लागली. आयांनी मुलं पदराआड घेतली. आरसासुद्धा राजकन्येकडे पाहीना. तिची सावली धुरासारखी विरू लागली; सावली संपली, की तीही संपणार.

पेटीच्या झाकणावर साळुंकी कोरलेली होती. ती बोलली, "राजा, तीन कामं कर, शाप सुटेल. आगीचं तळं ओलांड."

ओलांडलं.

"वाघाच्या मिशीचा केस आण."

आणला.

"आता त्या शब्दाचा अर्थ विचार. भरदरबारात, आणि लेकीलाच."

राजाने शार्ङ्गधराकडे बोट केलं. "प्रधानजी विचारतील."

"चालणार नाही."

"मग एकांतात विचारतो."

"वाघ बरा वाटला ना, राजा?" साळुंकी हसली.

सावली वीतभर उरली. तेव्हा कुठे राजा सिंहासनावरून उतरला. मान खाली.

"लेकी, नटोरियस म्हणजे काय गं?"

"वाईट कृत्यांसाठी गाजलेली, आबासाहेब."

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही उच्चारलात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"लहानांनी चूक सांगायची नाही. चाल तुमचीच."

दारं उघडली. सावली पायाशी परतली. प्रजा जयजयकार करत आली. पण वाघाशी झुंजलेल्या राजाला मान वर करून लेकीकडे पाहवेना. दाढ्या डोलायच्या थांबल्या.

कनकलेखा गादीवर बसली. तिने जुनी चाल मोडली. दुसऱ्या दिवशी प्रधानाने पेटीतला एक शब्द उचलला, तोंड उघडलं, मिटलं आणि खालमानेने धाकट्या नातीला हाक मारली.

अशी ही न विचारलेल्या प्रश्नाची कहाणी, विचारल्यावर सुफळ झाली.