भिवराबाईचे कोपर

फार वर्षांपूर्वी, आंबेसांगवीत घराघरांतून धोट्याचा खटखटाट ऐकू येई, त्या काळची ही गोष्ट. गाव साळ्यांचे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, काठावरच्या दगडावर बैठक आणि पुढ्यात माग. दिवसभर असे ओणवे बसून विणता विणता चाळिशीतच पाठीचे धनुष्य होई. गावाला त्याची खंत नव्हती. उलट, सोयरीक जुळवताना वरपित्याची पाठ पाहत; बाक जितका अधिक, तितके घराणे कसबी मानत.

त्याच गावात भिवराबाई तेलीण राहत असे. जन्म घाण्यावर गेलेला, हाडापेराने दणकट. गावच्या आखडलेल्या पाठी तीच मोकळ्या करी, पण ती पाठ चोळत नसे. आधी दारात उभी राहून माणूस मागावर कसा बसतो ते पाही. मग त्याला पालथा निजवून कण्याशेजारी कोपर टेकवी आणि थांबे. त्याने श्वास सोडला की कोपर जवभर आत उतरे, श्वास घेतला की तिथेच थबके. तिला वरचे मांस नव्हे, खोलवरची गाठ हवी असे. तिच्या कोपराला डोळे होते, असे म्हणतात.

एका वर्षी, जत्रा अकरा दिवसांवर आली असता, रखमाजी साळ्याची पाठ धरली. देवीचा शेला विणण्याचा मान त्याच्या घराण्याचा होता. शेला चुकला तर मान दुसऱ्या घरी जाई. रखमाजीला उठवेना, बसवेना. मागावरच्या अर्ध्या शेल्याकडे पाहून त्या अबोल माणसाचे डोळे भरून येत.

भिवराबाई आली. तीन दिवस कोपर चालले. चौथ्या दिवशी रखमाजी उभा राहिला तो इतका ताठ, की त्याचे डोके तुळईला लागले, असे म्हणतात.

"दादा, पाठ मोकळी झाली. आता बैठक चार बोटे उचला, नाहीतर पुन्हा बोलावणे धाडाल."

"पणजोबांनी बसवलेला दगड आहे, बाई. त्याला हात लावत नाहीत."

"तीन पिढ्या वाकल्या, दगड तेवढा जागचा हलला नाही!" रखमाजीची बायको तुळसा चुलीपासून म्हणाली. "आता शेला त्यालाच पांघरा."

रखमाजी ऐकेना. त्याच दगडावर बसला, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाठ पुन्हा आवळली. जत्रेला सहा दिवस उरले.

या खेपेस भिवराबाईने त्याला हातही लावला नाही. "दुखणे तुमच्या अंगात नाही," ती म्हणाली, "तुमच्या खाली आहे."

रखमाजीला वडील आठवले. अखेरच्या वर्षांत त्यांनी आभाळ पाहिले नव्हते. पाऊस आला की अंगणातल्या थेंबांवरून ओळखत.

"पणजोबा कोपले तर?" त्याने हळूच विचारले.

"तर त्यांचीही पाठ बघते."

किती दिवसांनी रखमाजी हसला. मग त्याने होकाराची मान डोलावली.

भिवराबाई खड्ड्यात उतरली. दगडाच्या पोटाला तिने कोपर लावले आणि थांबली. सूर्य माथ्यावर आला, कलला, तरी ती हलली नाही. अखेर माणसाने सोडावा तसा दगडाने एक दीर्घ श्वास सोडला आणि मोजून चार बोटे वर आला, असे म्हणतात. तुळसाने लगबगीने खाली माती ठासली. रखमाजी त्यावर बसला, तशी आवळलेली पाठ सैल झाली.

जत्रेच्या सकाळी शेला देवीच्या अंगावर होता. तो नेऊन घालणारा रखमाजी गावाने प्रथमच समोर पाहत चालताना पाहिला. त्या वर्षी घरोघरचे दगड उचलले गेले. पुढे भिवराबाई गेली, तेव्हा तिची तिरडी वाटेत तसूभरही हेलकावली नाही. खांदा देणाऱ्या चारही साळ्यांच्या पाठी सरळ होत्या.

आता आंबेसांगवीत माग थोडेच उरले आहेत. तरी माध्यान्ही धोटे थांबतात. घरातले कोणीतरी विणणाऱ्याच्या कण्याशेजारी कोपर टेकवते आणि दहा श्वास कोणी बोलत नाही. या वेळेला भिवराबाईची घटका म्हणतात. ज्या घरांतला माग केव्हाच मोडला, तिथेही ती पाळतात. शहरात खुर्चीवर वाकून वाकून आखडलेले लेक सणाला येतात, ओसरीवर पालथे निजतात. आणि एखादी म्हातारी त्यांच्या पाठीवर कोपर ठेवून, घाई न करता, श्वास सुटण्याची वाट पाहते.