मिटलेली कात्री

अवजारं बोलायची तेव्हाची गोष्ट. बाळंतगृहात आलेली नवी कात्री हुरळली होती, कारण आज नाळ कापायचा मान तिचा होता.

नर्सबाईंनी सगळ्या अवजारांना तोंडं उघडून वाफेच्या डब्यात निजवलं. झाकण लागताच कात्रीने तोंड मिटलं.

"अगं बये, उघड! वाफ आत शिरणार कशी?" चिमटा ओरडला.

"आमच्यात चारचौघांत आ वासत नाहीत," कात्री मिटल्या तोंडानेच म्हणाली.

डबा उघडून नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "ही आतून कच्चीच राहिली!" त्यांनी तिला बाजूला टाकलं आणि जुनी कात्री उचलली.

पलीकडे बाळ जन्मलं, ते भोकाड पसरूनच.

"शी! चारचौघांत केवढा आ!" कात्री पुटपुटली.

"म्हणून तर पेढे वाटतायत, बाई," चिमटा म्हणाला.