सुटं अस्तर

पिठाची कागदी गोणी मशीनमध्ये ओतली, की आतलं प्लास्टिकचं अस्तरही घसरून पिठात पडायचं आणि आमचा बिस्किट कारखाना थांबायचा. अस्तर गोणीच्या तळाला चिकटवा, एवढंच सांगायला मी नवखा इंजिनिअर मालकांना तासभर आलेख दाखवत होतो. वालावलकरसाहेब जांभया देत होते.

“अस्तर सुटं राहिलं म्हणून काय आभाळ कोसळतं? गोणी बदलायची नाही!” म्हणत ते उठले आणि कोट चढवू लागले. बाहीचं अस्तर उसवलेलं होतं. हात मध्येच अडकला.

“त्या गाढव शिंप्याला साधं अस्तर टाचता येत नाही!” ते गरजले.

“साहेब,” त्यांचा हात सोडवत मी म्हणालो, “आपल्या गोणीचीही हीच तक्रार आहे.”

गोणी बदलली. माझ्या आलेखांना जमलं नाही, ते एका कामचुकार शिंप्यानं केलं.