एका शब्दाचे दोन अर्थ

फार पूर्वी, समुद्राला लागून असलेल्या एका लहानशा राज्यात एक दुभाष्या होता. बंदरात इंग्रजांची जहाजे येत, त्यांची पत्रे राजाला वाचून दाखवण्याचे काम त्याचे. अख्ख्या राज्यात इंग्रजी येणारा तो एकटाच. त्यामुळे त्याचा मान मोठा, आणि मनातली धास्तीही तेवढीच मोठी. न जाणो, कधी चूक झाली तर?

एके दिवशी सकाळी एका जहाजाच्या कप्तानाने पत्र पाठवले. पत्र घेऊन एक म्हातारा खलाशी आला होता. तो बाहेर अंगणात बसून राहिला.

पत्र दोनच ओळींचे होते. त्यात एक शब्द होता, ‘कमेंड’. दुभाष्याला त्याचा अर्थ ठाऊक होता, वाखाणणे. पण वाक्याची घडण त्याला जरा वेगळी वाटली. तो अडखळला.

“काय झाले? अडलास का?” राजाने विचारले.

सगळा दरबार त्याच्याकडे पाहू लागला. तो घाईने म्हणाला, “छे, छे, महाराज! कप्तान आपल्या या खलाशाची तुमच्यापाशी वाखाणणी करतो आहे.”

राजा खूश झाला. “मग त्याला शेला द्या आणि मानाने बंदरावर पोहोचवा.”

दुभाष्या घरी आला, पण ताट तसेच ठेवून उठला. नुसती वाखाणणी करायला कोणी मुद्दाम पत्र धाडते का? बायको म्हणाली, “अहो, मनात एवढी शंका आहे, तर जाऊन महाराजांना सांगा ना.”

“आणि कामावरून काढले म्हणजे?”

तो ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिला. ऊन डोक्यावर आले, कलले. शेवटी राहवेना, तेव्हा तो बंदराकडे निघाला.

ओहोटीबरोबर जहाज केव्हाच निघून गेले होते. धक्क्यावर तो म्हातारा एकटाच पडला होता. नवा शेला गुंडाळूनही कुडकुडत होता. दुभाष्याने त्याच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

“राजाने मला का घालवून दिले?” म्हाताऱ्याने इंग्रजीत विचारले. “कप्तानाने माझ्याबद्दल काही वाईट लिहिले होते का?”

“नाही, बाबा. त्याने तुम्हाला ‘कमेंड’ केले होते.”

“मग? तापात समुद्रावर मी वाचणार नाही, म्हणून त्याने मला राजाच्या हाती सोपवले होते.”

“म्हणजे त्या शब्दाचा अर्थ...”

“वाखाणणेही आणि सोपवणेही. मरताना माणूस आपला जीव देवाला कमेंड करतो, तो काय वाखाणतो?”

म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन दुभाष्या धापा टाकत थेट राजापुढे उभा राहिला. “महाराज, मी चुकलो. सकाळीच शंका आली होती, पण भीतीपोटी बोललो नाही.”

राजाने आधी वैद्याला बोलावणे धाडले. मग तो दुभाष्याकडे वळला. दुभाष्याने मान खाली घातली.

“शब्द चुकला, ते मी विसरेन,” राजा म्हणाला. “माणूस उन्हात पडलेला असताना तू दिवसभर गप्प बसलास, ते कसे विसरू? हा बरा होईपर्यंत तुझ्या घरी राहील. याची सेवा तू करायचीस. तोवर दरबारात येऊ नकोस.”

म्हाताऱ्याचा ताप सतराव्या दिवशी उतरला. तोवर दुभाष्या त्याच्या उशापासून हलला नाही. दरबारात परतल्यावर पहिल्याच पत्रात एक नवा शब्द आला. सगळा दरबार त्याच्याकडे पाहू लागला. तरी तो सगळ्यांदेखत म्हणाला, “महाराज, हा शब्द मला येत नाही. त्या खलाशीबाबांना विचारून सांगतो.”

तात्पर्य: ‘मला ठाऊक नाही’ म्हणताना आपली मान क्षणभर खाली जाते, पण ते न म्हटल्याने दुसऱ्याचा जीवही जाऊ शकतो.