न पिकणारा बिंदू

"पिकू दे म्हणजे काय, शास्त्रीबुवा? डोळा आहे की आंबा?"

"मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा असतो, बाई. आमचे वडीलही थांबले होते."

"मग दिसलं त्यांना?"

"खूप थांबले, बाई."

"दिसलं का, दामोधर?"

"शेवटी आंधळेच गेले. वय झालं होतं."

सुभद्राबाईंनी बॅटरी विझवली. आश्रमाच्या ओसरीवर लोकांचे डोळे तपासता तपासता त्यांचे केस पिकले. जीभ तेवढी हिरवी राहिली. त्यांना कुणी शिकायला बोलावलं नव्हतं. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागून त्या शिकल्या.

दामोधरशास्त्री त्यांच्याच हाताखाली पोथी शिकलेले. आता गावोगाव निरूपण करीत, आणि गुरूपुढंही आवाज चढवीत. हल्ली उंबऱ्याला ठेचकाळायचे, चौकटीला खांदा आपटायचे. म्हणून बायकोनं, यशोदानं, ओढून आणलं होतं.

"यशोदे, पाणी आण गं. वाद घालून घसा सुकला."

यशोदा आत गेली.

"बाहुलीत पांढरं काही नाही," बाई म्हणाल्या. "हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू दिसतोय. हा पिकत नाही. दुखतही नाही. कडेकडेनं नजर खात आत येतो. खाल्ली ती गेली, परत येत नाही. उरलेली औषधानं राखता येते. दुपारच्या एसटीनं जिल्ह्याला जा, डोळ्यांचा दाब मोजून घे."

"उद्या पारायण बसतंय."

"बसू दे. तू ऊठ."

शास्त्री हसले. मांडीवरची पोथी उघडली आणि मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली.

"चुकलं कुठं?"

"नाही."

"मग? हा माणूस आंधळा होतोय म्हणता?"

यशोदा तांब्या घेऊन आली. नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली, तांब्या पुढं केला. शास्त्री बाईंच्याच तोंडाकडं बघत होते.

यशोदा काही बोलणार, तोच बाईंनी विचारात पडल्यासारखं ओठांवर बोट ठेवलं.

"तुला समोरचं दिसतं," बाई म्हणाल्या.

"समोरचं दिसलं की झालं. कडेला काय असतं बघण्यासारखं?"

बाईंनी बॅटरी पेटीत ठेवली.

यशोदाचा हात अवघडला. तांब्यातलं पाणी हिंदकळलं. तिनं दुसरा हात खाली लावला...

शास्त्रींना वाटलं, जिंकलो. त्यांनी पोथी मिटली, रुमालात गुंडाळली, गाठ मारली.

"म्हणजे पारायण झाल्यावर बघू," ते म्हणाले. "आणि ही कुठं राहिली? पाणी आणायला नदीवर गेली की काय?"

"ती मघापासून तुझ्या डाव्या हाताशी तांब्या धरून उभी आहे, दामोधर."