काचेच्या पायऱ्या

"पायऱ्यांवर पाणी कुणी ओतलं? ज्यानं ओतलं त्याला जराही लाज नाही!"

डोंगरगावातली माणसं चिडून बोलत होती. चौकाकडे चढणाऱ्या पायऱ्या काचेसारख्या चकाकत होत्या. त्यांवरून घसरलेल्या दूधवाल्या भागूकाकूंना नुकतंच खाटेवर घालून घरी नेलं होतं. पाय मोडला होता.

छोटी शेवरी गर्दीत मागे उभी होती. मोज्यांना भोकं, अंगावर आईची विरलेली शाल. पाणी तिनंच ओतलं होतं. काल संध्याकाळी, घरातली शेवटची लाकडं जाळून तिनं ते तापवलं होतं. बर्फ वितळेल, सकाळी काकूंना चढायला सोपं जाईल, एवढंच तिला वाटलं होतं. बर्फ वितळलाही. पण पहाटेच्या थंडीत तेच पाणी गोठलं.

ती रडत सफरचंदाच्या बागेत पळाली. फांद्यांवर बर्फाची इवली इवली फुलं चमचमत होती. निळी, गुलाबी, चंदेरी. त्यांतून एक चिमुकली परी खाली उतरली आणि बदकासारखी फेंगडी, छोटी छोटी पावलं टाकत आली.

शेवरीला रडता रडता हसू फुटलं. "तुला पंख आहेत ना? मग अशी का चालतेस?"

"बर्फावर घाई केली की परीसुद्धा आपटते, सोनुले! एक इच्छा माग. पण आधी खरं सांगून ये. ज्याला सांगायला हवं, त्यालाच."

"काकूंचा पाय बरा कर ना!"

"झालेलं मला पुसता येत नाही गं," परी हळूच म्हणाली. "तो त्याच्या वेळेनंच जुळेल."

शेवरी काकूंच्या खाटेशी गेली. "काकू, पाणी मी ओतलं. तुम्ही पडू नये म्हणून."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे, पाणी नाही, चुलीतली राख टाकायची! एकदा विचारायचंस तरी!"

हुंदके देतच शेवरी बागेत परतली. "पुन्हा कुणी घसरू नये," तिनं मागितलं.

परीनं तिला सोनेरी रेतीची चिमुकली थैली दिली. "ही कधी संपणार नाही. पण आधी फावड्यानं बर्फ तू बाजूला करायचा, मग रेती टाकायची. एक सकाळ चुकली, तर थैली रिकामी!"

लख्ख उजेड पसरला. परी त्यात विरघळून गेली. शेवरीच्या पायांत लाल, मऊ लोकरीचे मोजे होते आणि शेजारी सुक्या लाकडांची मोळी.

त्या हिवाळ्यात शेवरीची एकही सकाळ चुकली नाही. लोक तिला शाबासकी द्यायचे. ती मान खाली घालायची. पायऱ्या उरकून काकूंच्या दाराशी रेती टाकताना तिचे हात जड व्हायचे.

एका सकाळी ते दार किलकिलं झालं. काकूंच्या धाकट्या चिमीनं डोकं बाहेर काढलं.

"शेवरीताई, आज इथं दोन मुठी जास्त टाक हं. आई पहिल्यांदा बाहेर येणारे."