सोनेरी भुकटीचा तोरा

ज्या काळी कात्र्या आणि ब्रश एकमेकांच्या चहाड्या करत, त्या काळची ही गोष्ट. हातकागदाची शुभेच्छापत्रं बनवणाऱ्या कुसुमाक्कांच्या टेबलावर सोनेरी भुकटीची डबी आली. शेजारच्या वाटीतला डिंक पाहून भुकटीने नाकच मुरडलं.

"हा चिकट गृहस्थ माझ्या अंगाला लागता कामा नये. मी जन्मजात तेजस्वी आहे."

"बाईसाहेब, मी तुम्हाला फक्त धरून ठेवतो," डिंक म्हणाला.

"मला? आणि तू?" भुकटी इतकी हसली, की डबीतून कोरड्या कागदावरच सांडली. कागद लखलखला. ब्रशने वाहवा केली, कात्रीने टाळ्या वाजवल्या. भुकटीला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "अक्का, केवढी धूळ बसू दिलीत हो यावर!" म्हणत त्याने कागद उचलला आणि जोरात फुंकर मारली.

भुकटी उडाली, ती डिंकाच्या वाटीवरून ओघळलेल्या थेंबावर जाऊन चिकटली. तिथे ती अजून चमकते आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते आहे, "या बापड्याला कुणी विचारत नव्हतं हो. माझ्यामुळे जरा शोभा येते, म्हणून राहिलेय इथे."